गाडी थांबते, माणूस थांबत नाही: मराठवाड्यातल्या पर्यटनाचं धोरण कसं असावं?

बालाघाट

नमस्कार मंडळी. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून बत्तीस वर्षं ग्रामसेवक म्हणून काढली. निवृत्तीला चार वर्षं झाली. बरेच दिवस मनात साचलेलं आज लिहितो आहे, जरा लांबेल.

माझ्या शेवटच्या गावात महादेवाचं हेमाडपंती देऊळ आहे. गावाला 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळाला तेव्हा पेढे मीच वाटले होते. जिल्हा नियोजनचा निधी आला. सभामंडप झाला, पेव्हर ब्लॉक बसले, हायमास्ट लागला, आठ खोल्यांचं भक्तनिवास उभं राहिलं. मागच्या महिन्यात सहज गेलो. भक्तनिवासाला कुलूप, कुलपाला गंज. खिडकीतून डोकावलो तर पंचायतीच्या मोडक्या खुर्च्या, कबुतरांची घाण, आणि एका खोलीत कुणाची तरी सोयाबीनची पोती. गच्चीवरच्या टाकीला खाली येणारा पाइपच जोडलेला नाही. तो राहिलाय हे मला तेव्हाही माहीत होतं. मार्चअखेर होता, मोजमाप पुस्तिकेत काम पूर्ण झाल्याचं चढलं, बिल निघालं. त्या कागदावर माझीही सही आहे.

मी तिथं उभा असतानाच पुण्याच्या दोन गाड्या आल्या. चौदा-पंधरा माणसं. दर्शन झालं, खांबांवरच्या सुरसुंदरींचे फोटो झाले. एका मुलीनं मला विचारलं, "काका, इथं घरगुती जेवण कुठं मिळेल?" समोरच्या टपरीत वेफर्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या. बायकांना जायला जागा नाही, स्वच्छतागृहाला कडी घातलेली, कारण आत पाणी नाही. पाऊण तासात दोन्ही गाड्या सोलापूरच्या रस्त्याला लागल्या. आणि देवळाच्या मागच्या गल्लीत, हाकेच्या अंतरावर, किमान दहा घरांत त्या वेळी चुली पेटलेल्या होत्या. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हिरवा ठेचा. त्या मुलीला तेच हवं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण किती लोक आले ते मोजतो आणि त्यावर निधी मागतो. मोजायला हवेत ते मुक्काम. माणूस एक रात्र राहिला की तो दोन वेळा जेवतो, सकाळी दूध पितो, जाताना डाळ नेतो, रिक्षा करतो, कुणाशी तरी चार गोष्टी बोलतो. आला तसा गेला तर तो गावाला फक्त कचरा देऊन जातो.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन आमच्याकडची जोडपी कोयता घेऊन निघतात ती मार्च-एप्रिलला परततात. लेण्या, किल्ले, देवळं बघायला लोक येतात तेही नेमके ऑक्टोबर ते मार्च. म्हणजे ज्या सहा महिन्यांत गावात काम निघू शकतं, त्याच सहा महिन्यांत गाव रिकामं असतं. मुंबईत बसून धोरण लिहिणाऱ्यांनी ही दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी ठेवून पाहिली आहेत असं मला एकाही कागदात दिसलं नाही. एखाद्या गावातले पाच कोयते, म्हणजे पाच जोडपी, जरी थांबले तरी ते पर्यटन मी यशस्वी म्हणेन. पोरांची शाळा सुटत नाही, हा फायदा तर वेगळाच.

आपापल्या भागातलं लिहा. तक्रार लिहा, पण काय करता येईल तेही लिहा.

लेणीवाट

काका, पोटतिडकीनं लिहिलंय. मी वेरूळला गाईड आहे, एकोणीस वर्षं झाली.

अजिंठा आणि वेरूळ दोन्ही १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. जगभरातून माणूस येतो. पण आमच्याकडचा देशी पर्यटक बहुतेक शिर्डीहून येतो. पहाटे शिर्डी सोडायची, शनिशिंगणापूर करायचं, घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं, कैलास लेणं तासाभरात उरकायचं आणि रात्रीपर्यंत परत. सोळा नंबर, म्हणजे कैलास, सोडून बाकीच्या लेण्यांकडे पाय वळत नाहीत. कैलास वरून खाली खोदत आणलं हे सांगायला लागलो की ड्रायव्हरचा फोन येतो.

तिकिटाचं म्हणाल तर भारतीयांना ४० रुपये, परदेशी पाहुण्यांना ६००. तो पैसा केंद्राकडे जातो. कचरा, वाहतुकीची कोंडी आणि पार्किंगची भांडणं मात्र वेरूळ ग्रामपंचायतीच्या वाट्याला. धोरणात पहिलं वाक्य हे हवं की तिकिटातला ठरावीक हिस्सा त्या गावाच्या पंचायतीला मिळेल आणि तो फक्त पाणी, कचरा, स्वच्छतागृह यांवरच खर्च होईल. यासाठी दिल्लीशी भांडावं लागेल, ते राज्यानं भांडावं.

अजिंठ्याला फर्दापूर टी-पॉइंटला गाड्या अडवून पुढचे चार किलोमीटर बसनं न्यायची पद्धत आहे. चित्रांना धुराचा त्रास नको म्हणून ती केली, आणि ती योग्यच आहे. पण ती थांबण्याची जागा असूनही तिथं लेणापूर, फर्दापूर, अजिंठा गावातलं खाणं, तिथल्या बायांच्या हातचं काही दिसत नाही. दगडाच्या माळा विकणारी पोरं पर्यटकाच्या मागं पळतात, पर्यटक वैतागतो, पोरांनाही चार पैसे नीट मिळत नाहीत. त्या पोरांतली दहा जरी आम्ही गाईड म्हणून तयार केली असती तर?

आणखी एक साधं काम. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. दरवर्षी शेकडो कुटुंबं गेटवरून परत जाताना बघतो. त्या दिवशी त्यांना पितळखोऱ्याची लेणी, गौताळा अभयारण्य, पैठण दाखवायला कुणी पुढं आलं तर एक मुक्काम तिथंच वाढला. सोमवार आणि मंगळवार हे आमच्यासाठी रिकामे दिवस नाहीत, ते हातचे गेलेले दिवस आहेत.

कडबा_पेंढी

अनुमोदन. मी परभणी जिल्ह्यातला. बारा एकर, त्यात तीन एकर रब्बी ज्वारी मुद्दाम ठेवतो. आमच्याकडं आता सगळे सोयाबीन-हरभऱ्यावर गेलेत, ज्वारीला काढणीला माणूस मिळत नाही म्हणून.

चार वर्षांपासून डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हुरडा करतो. गूळभेंडीचं वाण. कणसं दुधात आली की चार-पाच दिवसच खरा हुरडा मिळतो, म्हणून पेरणीच दहा-दहा दिवसांच्या अंतरानं तीन टप्प्यांत करतो. ही गोष्ट कुठल्या प्रशिक्षणात सांगत नाहीत, आजीनं सांगितली. शेतात आगटी खणायची, गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणसं खुपसायची. भाजलेलं कणीस हातावर चोळलं की हिरवे दाणे निघतात, हात पोळतो, आणि शहरातलं पोरगं पहिल्यांदा ओरडतं तेव्हा त्याची आई हसते. सोबत लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं, वाळकं. रविवारी तीस-चाळीस माणूस होतं. कडबा उरतो तो जनावरांना. एका पिकातून दोन उत्पन्नं.

आता धोरणाचं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. कागदावर चांगलं आहे, एक एकर जमीन असलेला शेतकरीही नोंदणी करू शकतो. मी केली. प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. दोन खोल्या आणि संडास-बाथरूम बांधायला कर्ज मागायला बँकेत गेलो. सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा, जमीन वडिलांच्या नावावर, आणि साहेबांना कृषी पर्यटन हा धंदा कुठल्या खान्यात टाकायचा तेच कळेना. सात महिने फाइल फिरली. शेवटी बहिणीकडून पैसे घेऊन एक संडास बांधला. खोल्या अजून नाहीत, म्हणून मुक्काम नाही. काका जे म्हणतात ते माझ्या शेतावर असं दिसतं.

धोरण लिहिताना बँकेच्या शाखाधिकाऱ्याला समोर बसवा. अनुदानापेक्षा मला तारणाचा प्रश्न सुटलेला हवा आहे.

उंडेभज्जी

लातूर जिल्ह्यातून लिहितेय. आमचा अकरा जणींचा बचत गट आहे.

सगळ्यात आधी एक सांगते. मराठवाड्यातल्या पर्यटनासाठी गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एसटीच्या अर्ध्या तिकिटाचा. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं भाडं झालं, ७५ वर्षांवरच्यांना त्याआधीच फुकट झालं होतं. आमच्या गल्लीतल्या ज्या बायांनी आयुष्यात माहेर आणि दवाखाना सोडून गाव पाहिलं नव्हतं, त्या तुळजापूरला गेल्या, माहूरला गेल्या, औंढ्याला गेल्या. आमची चुलत सासू पहिल्यांदा नांदेडचा गुरुद्वारा बघून आली, लंगरमध्ये जेवली आणि महिनाभर तेच सांगत होती. ही पर्यटनाची योजना नव्हती. पण पर्यटक म्हणजे गाडीवालाच, हे डोक्यातून काढा. या बायांना काय लागतं? स्वच्छ संडास, पिण्याचं पाणी, बसायला सावली, आणि परतीची शेवटची गाडी वेळेवर. तुळजापूरला भवानीच्या दर्शनाला येणारी बाई रात्री स्टँडवर पदर डोक्याखाली घेऊन झोपते, तोही मुक्कामच आहे ना? तिच्यासाठी कोण आराखडा करणार?

२०२३ सालचं महिलांसाठीचं 'आई' धोरण आहे. पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या बाईला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत सरकार परत देतं. योजना मनापासून चांगली आहे. पण कडबा_पेंढी दादांची अडचण आम्हाला दुप्पट आहे, कारण आमच्या नावावर घरही नाही नि वावरही नाही. गटाच्या नावावर हे कर्ज सहज मिळालं पाहिजे.

आता मनातलं. इथं दरवर्षी कुणीतरी म्हणतं, येळवशीचं, म्हणजे वेळ अमावास्येचं, पॅकेज करा. करू नका. मार्गशीर्ष अमावास्येला आम्ही आदल्या रात्री जागून भज्जी शिजवतो, उंडे करतो, मडक्यात आंबील घालतो, डोक्यावर घेऊन शेतात जातो. कडब्याच्या कोपीत पांडव म्हणून पाच दगड मांडतो, शेताला चर शिंपडत 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणतो. त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवू घालायची रीत आहे. लातूर शहर त्या दिवशी ओस पडतं, सगळे कुणाच्या ना कुणाच्या वावरात. ज्याला यायचं त्यानं यावं, पोटभर जेवावं. पण त्या ताटाला दर लावला की ती येळवस राहणार नाही. त्याच्या आधी चार दिवस आणि नंतर चार दिवस आम्ही तेच जेवण पैसे घेऊन देऊ, ते आम्हाला चालेल. धोरणात 'हे विकायचं नाही' असाही एक रकाना ठेवा, आणि तो गावानं भरावा.

पाणलोट

ताई, शेवटचा मुद्दा लाखमोलाचा.

मी जलसंधारणात काम केलंय, म्हणून पाण्याचं बोलतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते कुणी विसरलेलं नसेल. अशा प्रदेशात पर्यटनाची परवानगी देताना पहिला प्रश्न पाण्याचा असला पाहिजे. रिसॉर्टवाला पाचशे फुटांची बोअर घेतो, शेजारच्या तीन विहिरी बसतात. मे महिन्यात गावाला टँकर आणि रिसॉर्टला पोहण्याचा तलाव, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

गाळ काढलेला जुना तलाव, छतावरचं पाणी साठवणारी टाकी, सांडपाण्यावर परसबाग, एवढं असेल तरच खोल्यांना मान्यता द्या. आणि मोठ्या शंभर खोल्यांच्या हॉटेलापेक्षा पन्नास घरांतल्या दोन-दोन खोल्या बऱ्या. बादलीनं अंघोळ करणारा पाहुणा गावाला परवडतो.

बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरी, हा आपला खरा ठेवा आहे. परभणी जिल्ह्यात वालूरला चक्राकार पायऱ्यांची बारव आहे. कचऱ्यानं बुजलेली होती, गावकऱ्यांनी आणि बारवप्रेमींनी उपसून मोकळी केली. आज लोक ती बघायला येतात आणि तिच्यात पाणीही आहे. पर्यटन आणि पाणी ही दोन कामं एकाच खर्चात झाली. एकही बारव ज्यात नाही असा तालुका मराठवाड्यात शोधावा लागेल. चारठाण्याला तर देवळं आणि बारव एकाच फेरीत होतात.

पुणे_ते_परळी

मी मूळचा परळीचा, आता पुण्यात. पाहुण्याच्या बाजूनं लिहितो.

बारा ज्योतिर्लिंगांपैकी घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ अशी तीन आपल्याकडं मानतात. मागच्या जानेवारीत मुलांना घेऊन तिन्ही करायचं ठरवलं, वाटेत तेर आणि अंबाजोगाई. तेरला रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मुलगी हस्तिदंताची बाहुली बघून हलायला तयार नव्हती. रोमपर्यंत व्यापार करणारं तगर ते हेच, पेरिप्लस या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात याचं नाव आहे, असं सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. गोरोबाकाकांच्या देवळातून निघालो तेव्हा चार वाजले होते. गावात राहण्यासारखं काही सापडलं नाही, म्हणून सोलापूर गाठलं. माझे त्या रात्रीचे पाच हजार सोलापूरला गेले. तेरचे कुंभार अजून मडकी घडवतात. मुलांनी दुसऱ्या दिवशी सकाळी चाकावर हात लावला असता तर मी आणखी दोन दिवस राहिलो असतो.

हॉटेलचा थाट नको. स्वच्छ चादर, चालू नळ, बायकोला निर्धास्त वाटेल असं दार, आणि फोन उचलणारा एक माणूस. एवढ्यासाठी मी पैसे मोजायला तयार आहे.

नरमादी

काकांच्या मुद्द्याशी सहमत, पण एका गोष्टीवर वेगळं मत मांडतो. सगळं गावानंच करावं हा आग्रह धरू नका.

मी नळदुर्गचा. बोरी नदी अडवून किल्ल्यात बांधलेला पाणीमहाल, पावसाळ्यात त्यावरून पडणारे नर आणि मादी धबधबे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे काम. लहानपणी किल्ल्यात बाभळी आणि दारूच्या बाटल्या होत्या. शासनाच्या संगोपन योजनेतून किल्ला खाजगी कंपनीकडे देखभालीला गेला. झाडी निघाली, बाग झाली, दिवे लागले, होड्या आल्या, घरच्या बाया-लेकरांना घेऊन जाता यायला लागलं. हे पंचायतीला किंवा पुरातत्त्वाला जमलं असतं का? मला तरी शंका आहे.

लेणीवाट

नरमादी भाऊ, किल्ला स्वच्छ झाला हे खरंच आहे. पण करार करताना गावाचं काय ठरलं, हा प्रश्न उरतोच. आत किती पोरं गावातली कामाला लागली, आतल्या स्टॉलचा गाळा गावातल्या बाईला किती भाड्यात मिळतो, हे करारातच लिहिलं पाहिजे. नंतर विनंत्या करून काही मिळत नाही.

नरमादी

हे मान्य. कराराची प्रत ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत वाचून दाखवायची सक्ती असावी.

बालाघाट

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा उत्तर देतोय, मध्ये गावाकडं होतो.

नरमादी, तुमचं म्हणणं डोक्यात राहिलं. किल्ल्यासारखं मोठं काम कंपनीनं करावं, माझी हरकत नाही. पण छोट्या देवळाच्या गावाला कुठली कंपनी येणार? तिथं गावच. आणि गावाला आपण आजवर फक्त बांधकाम दिलं. 'क' वर्गाच्या निधीत भिंत बांधता येते, पण ती भिंत झाडून काढणाऱ्या बाईचा पगार त्यात बसत नाही. कामाला मंजुरी देतानाच पुढची पाच वर्षं कोण चालवणार, विजेचं बिल कोण भरणार, किल्ली कुणाकडं असणार हे लिहून घ्या. ते लिहिलेलं नसेल तर तांत्रिक मान्यताच देऊ नका. मी नोकरीत असताना असा एक रकाना अंदाजपत्रकात असता तर त्या भक्तनिवासाचं आज असं झालं नसतं.

पाणलोट यांचा पाण्याचा आणि उंडेभज्जी ताईंचा न विकण्याचा रकाना, दोन्ही मी लिहून घेतले आहेत. कडबा_पेंढी, तुमच्या बँकेच्या अडचणीवर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे लेखी द्या. तोंडी सांगितलेलं तिथं टिकत नाही.

गावाचं सांगतो. सरपंच बाईंना भेटलो, हा धागा फोनवर वाचून दाखवला. त्यांनी शिपायाला बोलावून कुलूप तोडायला लावलं. सोयाबीन ज्याचं होतं त्यानं दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं नेलं. आठपैकी दोन खोल्या धुतल्या, चुना मारला. टाकीचा पाइप जोडला, वीस फूट लागला, पैसे मी दिले. ग्रामसभेत ठराव मांडणार आहोत: दोन खोल्या बचत गटाकडे, जेवण गटाचं, खोलीच्या भाड्यातला ठरावीक वाटा पंचायतीला आणि त्यातूनच सफाईचा पगार. गटातल्या दोघी जणी दरवर्षी नवऱ्याबरोबर कोयत्यावर जातात. त्यातल्या एकीनं विचारलं, "खरंच काम असंल का? नाहीतर मुकादमाची उचल घेऊन बसलेय मी." मी तिला हो म्हणालो नाही. दसऱ्याच्या आत सांगतो म्हणालो.

ताई, ताटाचा दर काय ठेवावा? आम्ही ८० रुपये धरला आहे.

उंडेभज्जी

काका, ८० ला हात लावू नका. आम्ही पहिल्या वर्षी तेच केलं आणि दिवाळीला हिशेब लागला तेव्हा हातात काहीच नव्हतं. तेल, डाळ, गॅस धरला होता, भाकरी थापणारीची मजुरी धरलीच नव्हती. घरचीच बाई म्हणून ती कुणी मोजत नाही. तिचे दिवसाचे वेगळे लिहा, मग दर काढा. आमचं ताट आता १५० ला जातं, भाकरी हवी तेवढी, आणि एकाही पाहुण्यानं घासाघीस केलेली नाही.

ती उचल घेतलेली बाई मुकादमाला किती देणं लागते ते विचारून मला कळवा. आमच्या गटानं एका जणीचं असंच फेडलं होतं, कसं केलं ते फोनवर सांगते.